दोराचा भाव

भागीरथीबाईंनी एकदा वसा घेतला होता. घरच्यांनी काही विकत घेतलं, की त्याचा भाव शेजारी सांगितल्याशिवाय जेवायचं नाही. त्यांचा नवरा राजाच्या पागेचा, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याचा, सामान घेऊन सांभाळणारा कोठावळा. त्याने पागेसाठी दोर पाच रुपयांना घेतला, तेही त्यांनी सांगितलं. शेजारणीचा नवरा हत्तीखान्याचा कोठावळा. त्याला तोच व्यापारी तोच दोर दोन रुपयांना देत होता. गावभर कुजबूज झाली.

बाईंना दरबारात बोलावून दिवाणजींनी डोळे बारीक केले. “खात्याचा भाव गुपित असतो, बाई. कोणी फितवलं तुम्हाला? नवऱ्याची नोकरी गेली समजा.”

बाईंनी हात जोडले. “दिवाणजी, व्यापाऱ्याला दोन्ही भाव ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते महाराजांच्याच दोन खात्यांना. मग हे गुपित आपण कोणासाठी जपत होता?”

राजानेही तेच विचारलं. दिवाणजींनी धमकी मागे घेतली. बाईंच्या नवऱ्याची नोकरी राहिली.

बायांनो, तुम्हीही पहिल्या घासाआधी शेजारी भाव सांगत जा.