पाय बसू देत नाहीत

“तिला बांधून ठेवायचं का, सिस्टर?”

मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डाच्या दारात उभी राहून सुप्रभा विचारत होती. नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आलेली पोर. आवाजाला धार होती.

सरवदे सिस्टर चादर बदलत होत्या. याच वॉर्डात त्यांचे केस पांढरे झाले होते.

“कुणाला?”

“गोदाक्काला. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. जेवायला बसवलं की उठते. गोळी दिली तर थुंकली. मुद्दाम करते, सिस्टर. डॉक्टरांना सांगून इंजेक्शन वाढवून घेऊ या.”

“कानात आवाज येतात का अजून तिच्या?”

“नाही. इंजेक्शन सुरू झाल्यापासून थांबलेत.”

“मग चालते कशाला?”



सिस्टर चादर तशीच टाकून गेल्या आणि गोदाक्काच्या बाजूनं चालू लागल्या. खिडकीपर्यंत, परत भिंतीपर्यंत. एक शब्द नाही. सुप्रभा नाइलाजानं मागोमाग. सिस्टरांना धाप लागली, तरी त्या थांबेनात.

शेवटी गोदाक्काच बोलली.

“मला बसायचंय हो, बाई. पाय बसू देत नाहीत. आत काहीतरी सारखं वळवळतंय. ते औषध घेतल्यापासूनच. पण वेडीचं कोण ऐकतंय…”



सिस्टरांनी तिथूनच डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी गोदाक्काला तपासलं, तिचं सगळं ऐकलं. इंजेक्शनचा डोस कमी केला, जोडीला तगमग शमवणारी गोळी लिहून दिली.

तगमग हळूहळू ओसरली. आवाज काही परतले नाहीत. एका दुपारी गोदाक्का भिंतीला टेकून बसली, ती भाकरी संपवूनच उठली.

सुप्रभा तिच्यापाशी गेली. “मी तुमच्याबद्दल नाही नाही ते बोलले, अक्का.”

“दमले होते गं,” गोदाक्का म्हणाली.

सुप्रभा सिस्टरांकडे आली. डोळे भरून आले होते.

“या औषधांनी असं होतं, हे मला पाठ होतं, सिस्टर. लक्षणांसकट पेपरात लिहिलं होतं मी. मग ती समोर असून मला दिसलं कसं नाही?”

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

“पुस्तकातली बाई जागची हलत नाही, पोरी.”