अखसाचा एक वाळा

आता बसा. नावाचा अर्थ विचारायला तुम्ही मुंबईहून येता आणि सांगायचं काम दर खेपेला माझ्याच गळ्यात पडतं. शिकलेली माणसं आहेत गावात, पण ती म्हणणार, आबांकडे जा. बरं. समोर टेकडीखाली दिसते ती अखसाची विहीर. सगळ्या शेवखारात तेवढंच पाणी गोडं, बाकी कुठंही खणा, खारट लागतं. आणि अलीकडचं हे बेडं, म्हणजे वाडीचं जुनं फाटक. आमच्यातला नवरीचा बाप लग्नाच्या दिवशी याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. का, ते ऐका. मध्ये बोलू नका.

इथं हसाजी तेली घाणा चालवायचा, असं सांगतात. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांना तेव्हा शनवारी घाणा बंद ठेवायचा एवढं ठाऊक होतं, एक प्रार्थना पाठ होती. पोथी कुणी पाहिलेली नव्हती. हसाजीची मुलं जगत नव्हती. शेवटची मुलगी झाली तेव्हा त्यानं आमच्या पैगंबरापुढं, एलियाहू हन्नाबीपुढं, मलिद्याचं ताट ठेवलं आणि नवस बोलला, "ही जगू दे. हिचा पाय माझं बेडं ओलांडणार नाही."

खाडीवर एक फिरते गुरुजी होडीची वाट बघत बसले होते. हसाजीनं त्यांना गाठलं. म्हणाला, पायावरून नाव सांगा. गुरुजी म्हणाले, "अखसा. हिब्रू नाव आहे, पोथीतल्या एकाच बाईचं. अर्थ वाळा." पुढं काही सांगणार होते, पण भरती आली, होडीवाला ओरडायला लागला. गुरुजी गेले आणि अर्धंच नाव हसाजीपाशी राहिलं.

पोरगी जगली. सोनारानं तिच्या पायात घुंगरांचे वाळे बसवले. पाय वाढला की सोनार वाडीत येऊन वाळे वाढवून जायचा. घाण्याचा बैल वाडीतच फिरायचा, अखसाही वाडीतच फिरायची. पण बैलाला संध्याकाळी खाडीवर धुवायला तरी न्यायचे.

घाणा करकरत असला की वाळे ऐकू येत नसत. शब्बाथला, म्हणजे शनवारी, मात्र सगळं गप्प. हसाजी ओटीवर पडल्या पडल्या विचारायचा, "अखसा, कुठं?"

"चुलीपाशी, बाबा."

"मग एवढी पावलं का वाजली?"

म्हणून शब्बाथभर ती पायांवर बसून राहायची, मुंग्या येईस्तोवर. बेड्याच्या फटीतून तिला टेकडीखालचं गवत दिसायचं. वैशाखातही ते हिरवं असायचं. त्याच्याच बाजूनं आई लांबून घागरी वाहून आणायची. कुणी सोयरीक घेऊन आला की हसाजी म्हणायचा, नवस आहे. माणूस गूळपाणी न घेताच परतायचा.

पुढं गुरुजी परत आले, म्हणे, केस पिकून. घरात मलिद्याचं ताट होतं. त्यांनी तिला विचारलं, "तुझ्या नावाच्या बाईनं बापाकडं काय मागितलं, ठाऊक आहे?"

"मागितलं?" अखसा म्हणाली. "मला वाटलं, तिला नुसतं पायात घालतात."

मग गुरुजींनी उरलेलं सांगितलं. त्या बाईला बापानं कोरडी जमीन दिली होती. ती गाढवावरून उतरली आणि म्हणाली, जमीन दिलीत, आता पाणीही द्या. बापानं वरचे झरे दिले, खालचेही दिले. हसाजी ओटीवर ऐकत होता.

पुढच्या शब्बाथला, घाणा बंद असताना, अखसा उठली आणि वाळे वाजवत सरळ बापापुढं येऊन उभी राहिली. आळीला ऐकू गेलं.

"बाबा, नाव दिलंत. आता पाणी द्या."

रविवारी हसाजीनं वाडीतच खणायला घेतलं. खारट. परसात खणलं, तेही खारट. तेव्हा ती म्हणाली, "त्या हिरव्या गवतात खणा." तिथं पाणी लागलं, गोडं. पण गावकरी घागर लावीनात. मागणारीनं पहिली घागर काढायची, असं सगळे म्हणाले. आणि मागणारी बेड्याच्या आत.

हसाजी तेलाची बुधली घेऊन तिच्यापाशी खाली बसला. घोट्याला तेल चोळून एक वाळा सोडवला. दुसरा निघेना. किती चोळलं तरी निघेना. मग काढलेला वाळा त्यानं सुंभानं स्वतःच्या पायाला बांधला आणि वर बघून म्हणाला, "एलियाहू हन्नाबी, नवस मी बोललो होतो. पाय माझा घे." आणि त्यानंच बेडं उघडलं.

तिनं घागर काढली. पुढं लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली, एका पायानं वाजत. हसाजी मरेपर्यंत बेड्याबाहेर गेला नाही. शब्बाथला गाव गप्प झालं की त्याचा एकच वाळा ऐकू यायचा, वाडीतल्या वाडीत.

आजही आमच्यात बाप नवरीच्या घोट्याला तेल लावतो, एक वाळा काढून स्वतःच्या पायाला बांधतो आणि आतच थांबतो. ती विहिरीवर पहिली घागर ओढते आणि तशीच पुढं जाते. मुलीचं नाव अखसा ठेवलं तर बारशाला आधी वाळा सांगायचा, मग पाणी. अर्धं सांगून कुणी उठायचं नाही.

माझ्या थोरलीच्या लग्नात मी असाच इथं उभा होतो, पायात सुंभ, घोट्यावर वाळा. ती घागर ओढून माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात विहिरीपाशी एक जण हसला आणि म्हणाला, "आबा आता नाचणार वाटतं." तिनं मान फिरवली ती फिरवलीच, निरोपाचं बघणं राहून गेलं. तो हसणारा रोज याच वाटेनं पाण्याला जातो, अजून माफी मागायला थांबलेला नाही. त्याचं नावही सांगून ठेवतो, बिन्यामीन शेवखारकर.