सुवासाचे घड्याळ

एकदा एका आडगावच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचे होते. नववीच्या वर्गाला सांगितले गेले की, आजवर कोणी पाहिले नसेल असे घड्याळ तयार करून आणा. वासंती नावाच्या विद्यार्थिनीला विषय ऐकताक्षणी आपली आई आठवली.

मधुमेहाने आईची दृष्टी गेली होती आणि देहही दिवसेंदिवस खंगत चालला होता. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी येत. वासंती शाळेतून आली की खाटेवरून आईचा प्रश्न सुरू होई, किती वाजले? भाजी चिरताना, धडा वाचताना, घटकेघटकेला तेच. एका संध्याकाळी वासंती वैतागून बोलून गेली, "सारखं काय विचारतेस, आई? तुला कुठे जायचंय का?"

आईने तोंड भिंतीकडे वळवले. त्या शब्दांची बोच मुलीच्याच मनात राहिली.

म्हणून तिने आईसाठीच घड्याळ करायचे ठरवले. मातीच्या पसरट परातीत राख पसरली, राखेत नागमोडी चर काढला आणि त्यात निरनिराळी सुगंधी चूर्णे भरली. एका टोकाला निखारा लावला की आग चूर्णातून संथपणे धुमसत पुढे सरके. पहिला तास वाळ्याचा, दुसरा चंदनाचा, तिसरा नागरमोथ्याचा, चौथा लोबानाचा. तास बरोबर साधेपर्यंत तिने तो चर वीस वेळा मोडला. पुढे आईला वासावरून वेळ कळू लागली. तिने लेकीचे तोंडभरून कौतुक केले आणि ती विचारायची थांबली.

घरची परात दुपारी दोन वाजता पेटवायला शेजारणीला सांगून तिने तशीच दुसरी परात प्रदर्शनात नेली. या घड्याळाला पहिला क्रमांक मिळाला. वासंती अभिमानाने म्हणाली, "पंधरा दिवसांत आईने मला एकदाही वेळ विचारलेली नाही." सर्वांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक म्हणून आलेले वृद्ध गुरुजी मात्र मान खाली घालून बसून राहिले.

परतताना त्यांनी तिला आपल्या घरापर्यंत सोबत करायला सांगितले. वेशीपाशी त्यांनी विचारले, किती वाजले? तिने त्यांच्या मनगटावरचे घड्याळ पाहून सांगितले. चार पावलांवर पुन्हा विचारले. देवळापाशी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा तिला राहवेना.

"गुरुजी, घड्याळ तर आपल्याच मनगटावर आहे."

"आहे खरं," गुरुजी म्हणाले आणि पारावर टेकले. "माझी पत्नी अखेरच्या आजारात असंच विचारायची. मी कंटाळलो, शहरातून ठोक्यांचं घड्याळ आणून तिच्या समोर टांगलं. ती विचारायची थांबली. मला सुटल्यासारखं वाटलं. ती गेल्यावर उमगलं, पोरी, की खाटेला खिळलेल्या माणसाला वेळ कळून काय करायचं असतं? कोणी जवळ आहे की नाही, हे ती चाचपत होती. भीती वाटते, जरा बस, असं म्हणायला माणसाला संकोच वाटतो. मग तो वेळ विचारतो. तुझं घड्याळ उत्तम आहे, बक्षीस योग्यच मिळालं. पण माझ्या हातून जे झालं, ते तुझ्या हातून होऊ नये."

वासंतीने त्यांना वाकून नमस्कार केला आणि ती झपाझप घरी आली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. वासंती खाटेच्या कडेला बसली.

"आई, सव्वापाच झालेत."

"कळलं गं मला. लोबान लागलाय ना," आई शांतपणे म्हणाली.

वासंती आणखी जवळ सरकली. ती म्हणाली, "तरी सांगते."

आई वळली. तिचा हात चाचपडत लेकीच्या हातापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर आई जेमतेम दीड महिना जगली. तिने आपणहून वेळ पुन्हा कधी विचारली नाही. मोडलेली सवय परत आली नाही. वासंतीच हातातले काम टाकून येई, खाटेवर बसे आणि किती वाजले ते सांगे. आई दर वेळी ते नव्याने कळल्यासारखे ऐकून घेई.