फिल्टरचा मान

यंत्रांना वाचा होती, पण माणसांना त्यांच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक वाचायला वेळ नव्हता, त्या काळची ही गोष्ट.

दमयंतीबाई गुळवणींच्या घरी समोरून उघडणारं वॉशिंग मशीन होतं. दर दसऱ्याला बाई त्याच्या काचेच्या दाराला झेंडूचा हार घालत, हळदकुंकू वाहत. दार अगदी फुलून जाई.

तळाच्या कोपऱ्यात, इवल्याशा झाकणाआड फिल्टर राहायचा. कपड्यांतून सुटलेला केर तोच अडवायचा. “महिन्यातून एकदा तरी मला उघडा हो,” तो विनवायचा. “अगदी गळ्याशी आलंय.”

“पायाशी राहणाऱ्यांनी मान मागू नये,” दार म्हणायचं.

“मान कुणाला हवाय? नळाखाली धरा, एवढंच म्हणतोय.”

एका दसऱ्यानंतर मशीन भर धुण्यात थांबलं. पाणी जाईना, दार उघडेना. यजमानांचे कामावर जायचे सगळे शर्ट आत, आणि यजमान बनियनवर बाहेर, काचेतून ते बघत उभे.

मेकॅनिक आला. त्याने दाराकडे बघितलंही नाही. तळाशी परात लावून त्याने फिल्टर फिरवला. भसाभसा काळं पाणी आलं आणि त्यामागून खिशांत राहून गेलेली आपट्याची पानं.

“ताई, हे काय?”

“अहो, दसऱ्याचं सोनं!”

“तेच अडकलं होतं. दर महिन्याला हे उघडून धुवत जा.”

बाईंना फार वाईट वाटलं. पुढच्या दसऱ्याला त्यांनी खाली वाकून फिल्टरच्या झाकणालाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मनोभावे हात जोडले.

झाकण मात्र त्यांनी उघडलं नाही.