झालाच नाही असा हंगाम

करोनामुळे कोल्हापुरातली फुटबॉल लीग थांबली, तेव्हा शेवटचे दोनच सामने उरले होते. रणोजीराव इंगवल्यांचा संघ गोल करायचा भरपूर, पण खायचा त्याहून जास्त. त्यामुळे तो तळाला होता आणि खालच्या गटात जाणार होता. त्याच्या जागी गवंडीकाम करणाऱ्या पोरांचा संघ पहिल्यांदाच वर येणार होता.

बैठकीत रणोजीराव गरजले, "हंगाम रद्द करा! यंदा एकही सामना झालाच नाही, असं धरा!"

त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. लीगच्या सचिव मुजावर बाईंनी शांतपणे पेन उघडलं.

"लिहिते तसा ठराव. मग तुमच्या संग्रामचे तेवीस गोलही खोडते."

रणोजीराव चपापले. पोराच्या त्या विक्रमाचे फलक त्यांनी चौकाचौकात लावले होते.

"गोल कसे खोडता, बाई? सगळ्या गावानं बघितलेत!"

"सगळ्या गावानं बघितलेलं झालंच नाही, असं मग मी कसं लिहू?"

सभागृह खदखदून हसलं. शेवटी रणोजीरावही हसले. "लिहा बाई, साथ ओसरली की उरलेले सामने खेळू."

आठ महिन्यांनी सामने झाले. गवंडीकाम करणारी पोरं वर आली, रणोजीरावांचा संघ खाली गेला आणि संग्रामचे गोल सव्वीस झाले.