पत्तीचा दोरा

एकदा एका सनईवाल्याचा पुढचा दात हलू लागला. देवीच्या देवळात पहाटेची सनई त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. ओठ दातांवर टेकवूनच फुंक आवरावी लागते. तो आधारच डळमळला तर सूर कुठून यायचा? सनई बगलेत धरून तो वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर आला, तेव्हा बोलतानाही तोंडापुढे हात धरत होता.

वैद्यांपाशी शिकणारा शिष्य त्याला ओळखत होता. मागच्या हिवाळ्यात हिरडी ठणकते म्हणून तो आला, तेव्हा वैद्य परगावी होते आणि शिष्यानेच त्याला लवंगेचे तेल दिले होते. ठणका थांबला होता. आपल्या हाताला गुण आहे, असे तेव्हा शिष्याला वाटून गेले होते.

त्याने पुढे होऊन दात तपासला. मशेरीने काळवंडलेला होता, पण कीड नव्हती, तडाही नव्हता.

"दात तर निरोगी आहे, गुरुजी."

वैद्यांनी सनईवाल्याला बसवून त्याची दिनचर्या विचारली. दात घासताना रक्त यायचे, म्हणून त्याने हिरडीजवळ घासणेच सोडले होते. तिथे तो मशेरी चोळायचा. मग दुखणे कळत नसे.

"आमच्यात दात लवकरच जातात, वैद्यबुवा," तो म्हणाला. "वडिलांचे पन्नाशीत गेले. चुलत्यांना तर आम्ही पोरं मुद्दाम विचारायचो, काका, फुटाणे खाणार का?" तो हसला आणि लगेच त्याचा हात पुन्हा तोंडावर गेला.

वैद्यांनी त्याची सनई मागून घेतली. तिच्या तोंडाशी गवताची नाजूक पत्ती दोऱ्याने आवळून बांधलेली होती. वैद्यांनी तो दोरा शांतपणे उलगडायला सुरुवात केली. सनईवाल्याचा चेहरा उतरला. शिष्यालाही ते पाहवेना. दुसऱ्याची बांधलेली पत्ती कोणी सोडतो का?

"आता वाजव," वैद्य म्हणाले.

त्याने फुंकले. पत्ती सरकली आणि नुसती हवा निघाली.

"पत्ती फाटली?"

"नाही."

"मग सूर का नाही?"

"बांधणीच सोडलीत तुम्ही."

वैद्यांनी दोरा त्याच्या तळहातावर ठेवला. "हिरडी ही दाताची बांधणी आहे, दादा. तिच्या कडेला अन्नाचा थर साचतो आणि दगडासारखा होतो. हिरडी सुजते, रक्त येते. ते रक्त म्हणजे तिची हाक. तू घासणे सोडलेस, थर वाढला. मशेरीने तिला आणखी जाळले आणि तुझी जाणीव बधिर केली. आत हाड झिजत गेले. तुझ्या घरात दात लवकर जातात, कारण तुझ्या घरात मशेरीची डबी हातोहात फिरते." मग शिष्याकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "आणि आपण लवंगेचे तेल दिले."

शिष्याने मान खाली घातली. गुरूंनी 'आपण' म्हटले होते, 'तू' नव्हे.

"वाचेल का दात?" सनईवाल्याने विचारले.

"हा कदाचित नाही वाचणार. खोटे सांगणार नाही. बाकीचे धरून ठेवता येतील. तालुक्याच्या दंतवैद्याकडून थर काढून घे, मशेरी सोड, आणि रक्त आले तरी हलक्या हाताने रोज घास. हिरडी सावरली की रक्त थांबेल."

सनईवाल्याने पत्ती जागेवर बसवली आणि दोरा फेऱ्यामागून फेरा आवळत नेला. गाठ बसली. उरलेले टोक तोडायला सवयीने त्याने दोरा दातांकडे नेला, आणि तो तसाच थांबला.

शिष्य उठला. त्याने आतून कातर आणून सनईवाल्याच्या हातात दिली.