तात्याला घाम सुटला

“पण मग याला घाम का येतो?”

दुसऱ्यांदा विचारलं त्यानं. बाईंनी अजून मान वर केली नव्हती.

बाई म्हणजे डॉक्टर कुमुदिनी बोधनकर. अमरावतीकरांची खरूज, नायटे आणि मुरमं बरी करण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. आता दवाखाना बंद आहे. पेशंटची बाकडी मात्र तशीच आहेत, त्यांवर आम्ही बसतो. औषधांच्या बाटल्या होत्या त्या मांडण्यांवर आता गडी उभे आहेत.

गडी म्हणजे प्लॅस्टिकचे. हातपाय हलणारे सैनिक, डाकू, पहिलवान, अंतराळवीर. दुकानात त्यांना अॅक्शन फिगर म्हणतात, बाई गडी म्हणतात. जुनं प्लॅस्टिक कसं म्हातारं होतं हे बाईंइतकं कळलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. लांबलांबून लोक येतात त्यांच्याकडे. मी स्वतः काही जमवत-बिमवत नाही. रविवारी नुसता बघायला जातो. खरं सांगायचं तर बाईंनाच बघायला जातो.

विचारणारा होता नागपूरचा श्रीरंग गावंडे. जमवणाऱ्यांत मोठं नाव. घरात एक अख्खी खोली गड्यांची, काचेची कपाटं, उन्हाळा-हिवाळा एसी. प्रदर्शनांत भाषणं देतो. आल्या आल्या अर्धा तास त्यानं आपलं कौतुक आपणच उरकून घेतलं होतं. मला अशा माणसांचा राग येतो. पण त्याच्या हातांची नजाकत पाहिली आणि माझा राग जरा खाली बसला. पांढरे हातमोजे घालून त्यानं डबी उघडली, ती तान्ह्या बाळाचं दुपटं सोडावं तशी.

डबीत एक जाड पिशवी. पिशवीत एक अंतराळवीर.

“हवेचा कण जात नाही आत,” तो म्हणाला. “त्याच्या उशाखालून काढलेल्या दिवसापासून... म्हणजे लहानपणापासून बंद आहे. तरी बघा.”

पिशवीच्या आतून ओल धरली होती. अंतराळवीराच्या गालांवर, हातांवर, छातीवर चकचकीत थेंब.

“आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, मूर्तीला घाम आला, शांत करून घ्या,” श्रीरंग हसला. “मी म्हटलं, काकू, हा देव नाही, तात्या आहे.”

“तात्या?” बाईंनी आता वर पाहिलं.

“आम्ही नाव ठेवलं होतं त्याचं.”

“आम्ही कोण?”

“मी आणि धाकटा भाऊ. मुकुंद.”

बाईंनी हात पुढे केला. श्रीरंगनं खिशातून दुसरे हातमोजे काढून दिले. बाईंनी ते घेतले, घडी घालून बाकड्यावर ठेवले आणि पिशवी उघडली.

“अहो!” तो अर्धा उठला.

बाईंनी वास घेतला. मग बोटाच्या मागच्या बाजूनं तात्याचा गाल तपासला. ताप बघतात ना, तसा. अहाहा, काय तो हात! त्या हाताखाली जाऊन एखादं दुखणं आपलं आपणच बरं होत असेल.

“तुला ठाऊक नाही हा घाम कसला?”

श्रीरंग रिकामी डबी मिटू लागला.

“भाषणं देतोस म्हणालास.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं औषध घालतात. वर्षं गेली की ते हळूहळू बाहेर येतं. मोकळ्या हवेत असलं की उडून जातं, पुसलं जातं. कोंडलं की अंगावरच साचतं. रंग खातं.”

“पुढे?”

“पुढे... चेहरा जातो.”

“लोकांना काय सांगतोस?”

“खोके उघडा. हवा द्या. कोमट पाण्यानं धुवा.”

“शाबास. बरोबर सांगतोस.” बाईंनी तात्याला टेबलावर उभं केलं. “तुझे बाकीचे गडी?”

“सगळे मोकळे. दर महिन्याला पुसतो.”

बाई पुण्यात शिकल्या. बोलणं एकदम शुद्ध, छापील. पण काही मनाला लागलं की त्यांची वऱ्हाडी वर येते. ती आली की आम्ही बाकड्यावर सरळ बसतो.

“मंग ह्यालेच काहून कोंडलं रे बापा?”

बाहेर वैशाख पेटला होता. कूलरचं पाणी तेवढं टपटपत होतं...

श्रीरंगनं तात्याच्या कपाळाकडे बोट केलं, न लावता.

कपाळावर लाल रेघ होती. उभी, जरा वाकडी.

“टिळा,” तो म्हणाला. “दसऱ्याला घरी शस्त्रांची पूजा होती. बाबांची कुऱ्हाड, विळे, आईची सुरी. मुकुंद म्हणाला, तात्याच्याही हातात बंदूक आहे. लाल बॉलपेन घेतलं आणि लावला टिळा. मी त्याला चांगला बदडला.”

“काहून?”

“नवा होता हो तात्या! मामांनी मुंबईहून आणलेला. वाटेकरी आम्ही दोघं. त्यानं डाग पाडला.”

आम्ही हसलो. श्रीरंगही हसला. मग त्याच आवाजात, गड्याचं साल आणि कंपनी सांगावी तसं, पुढचं सांगून टाकलं. दिवाळीत मुकुंदला मेंदूज्वर झाला. श्रीरंगला यवतमाळला मामांकडे धाडलं. परत आणलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं, घरच्यांचं रडणंसुद्धा. मुकुंदच्या उशाखाली तात्या सापडला. आईनं तो ह्याच्या हातात दिला. ह्यानं पिशवीत घातला.

“शेवटचा हात त्याचा लागलाय त्याला,” श्रीरंग म्हणाला. “त्यानंतर आजवर कुणाचाच नाही.”

“तुझा?”

“मी मोजे घालतो.”

बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेले देशकर भिंतीकडे बघू लागले. मला आपला त्याच्यावरचा मघाचा राग आठवला आणि माझीच मला लाज वाटली.

“मग आता मी काय करू?” श्रीरंगनं विचारलं. आवाजातली ऐट गेली होती. “टिळा पेनाचा आहे. साबणानं धुतला आणि गेला तर... घरात त्याचं दुसरं काही नाही. कपडे दिले वाटून. फोटो होता तो पुसट झालाय. त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं एवढंच आहे. एवढी एकच रेघ.”

“आणि नाही धुतला तर?”

“तर चेहराच जाईल.”

“किती दिवसांत?”

“एक उन्हाळा. फार तर दोन.” तो स्वतःच हिशेब करत होता. “नाक आत्ताच मऊ दिसतंय.”

“म्हणजे टिळा तसाही जाणार.”

“हो.”

“मग विचारायला काय आलास?”

श्रीरंगनं खाली पाहिलं. एवढा मोठा, पिकल्या मिशांचा माणूस. “तुम्ही काहीतरी तिसरं सांगाल म्हणून,” तो म्हणाला.

बाई उठल्या. गुडघे धरत आत गेल्या. आम्हाला वाटलं, काहीतरी जालीम औषध आणणार. डागांवर लावायच्या त्यांच्या मलमांची कीर्ती सगळीकडे आहे. लोकांच्या तोंडावरची मुरमं घालवणारी ट्यूब प्लॅस्टिकवर लावून, ऊन दाखवून, त्यांनी कितीतरी गड्यांचे डाग उठवलेत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाईंनी आणलं ते देवघरातलं तांब्याचं ताम्हण. कोमट पाण्याचा तांब्या. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब वाटीत. आणि दाढीचा एक जुना मऊ ब्रश.

“ताम्हण?” देशकरांना राहवलं नाही. “बाई, देवाच्या आंघोळीचं?”

“देवांची आंघोळ सकाळीच झाली. ते काही बोलायचे नाहीत.”

त्यांनी ताम्हण श्रीरंगपुढे सरकवलं.

“तुम्ही धुवा,” तो म्हणाला. “तुमचा हात चांगला आहे.”

“माझा भाऊ नाही तो.”

“बाई...”

“आंघोळ घरच्यांनी घालायची असते, बाबू.”

श्रीरंग ताम्हणाकडे पाहत राहिला. मी म्हटलं, हा उठून जाणार. गेला असता तरी मी त्याला नावं ठेवली नसती.

बाईंनी घाई केली नाही. मांडणीवरून आपला एक गडी काढला. पांढरा पहिलवान, आता सायीसारखा पिवळा पडलेला, उन्हानं पाय फाकलेला, एका हाताची बोटं झिजून गेलेली. त्याला पदरानं पुसत बसल्या. त्यांच्या मांडणीवर सगळे असेच आहेत. कुणी पिवळा, कुणी वाकडा, कुणाचा खांदा सैल. पण एकालाही घाम नाही. कोरडे ठणठणीत, आपापलं म्हातारपण अंगावर घेऊन उभे. मला ते नव्या कोऱ्या गड्यांपेक्षा देखणे वाटतात. वाटतात म्हणजे आहेतच!

श्रीरंगनं डाव्या हाताचा मोजा काढला. मग उजव्या.

तात्याला हातात घेतलं. तळहाताला चिकटला तात्या. श्रीरंग दचकला, पण सोडलं नाही.

“लहान आहे हो,” तो म्हणाला. “मला मोठा आठवत होता.”

“तुझा हात मोठा झाला.”

त्यानं पाणी ओतलं. आधी पाय. मग पाठ. काखेतला मळ ब्रशनं काढला. खांदा फिरवला तर खांदा फिरला. अजून! इतक्या वर्षांनी! तो खरोखर खुलला. “खट् वाजतो बघा,” म्हणाला. “मुकुंद रात्री अंथरुणात वाजवायचा. मला झोप येऊ द्यायचा नाही.” पुन्हा वाजवून दाखवलं. आम्ही सगळे वाकून ऐकत होतो. ताम्हणातलं पाणी गढूळ झालं. बोटांचा, उशीचा, त्या घराचा जो काही मळ असेल तो सगळा त्यात उतरला. श्रीरंगनं त्या पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

राहिला होता फक्त चेहरा.

“बाई, कपाळ सोडून धुतलं तर?”

“नाक वाचेल? घाम कपाळावरच जास्त आहे.”

“नाही वाचणार.”

“मग?”

श्रीरंगनं ब्रश बाजूला ठेवला. अंगठ्यावर साबण घेतला. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं तात्याचं तोंड धुतलं, हनुवटीपासून वर, हलक्या हातानं. कपाळावर अंगठा फिरवताना त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता देव जाणे. मग उरलेला तांब्या सगळा डोक्यावरून ओतला.

“बघा कुणीतरी,” तो म्हणाला. डोळे उघडेना.

कुणी पुढे होईना. शेवटी मीच वाकलो. जसा काही माझाच भाऊ.

घाम गेला होता. गाल स्वच्छ, नाक जागच्या जागी. आणि कपाळावर...

“आहे!” मी ओरडलो. “अरे, आहे टिळा!”

होता. फिका झाला होता, कडांना पसरला होता, पण होता. शाई प्लॅस्टिकच्या आत उतरली होती. वरून साबण फिरो की पाणी, तिला काही पत्ताच नव्हता.

श्रीरंगनं डोळे उघडले. हसला काय, उभा राहिला काय, देशकरांचा हात धरून हलवला काय! उघड्या, ओल्या हातानं त्यानं तात्याला छातीशी धरलं. सदरा भिजला तरी त्याला भान नाही. मग बाईंच्या पायाशी वाकला. देशकर डोळे पुसत होते. मीही पुसले, उगीच खोटं कशाला बोलू?

“मानलं बाई,” तो म्हणाला. “तुम्हाला पाहताक्षणीच कळलं असणार. पेनाची शाई मुरते, उठत नाही. ठाऊक होतं म्हणूनच धुवायला लावलंत.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“शाई कधी मुरते, कधी नुसती वर बसते. धुतल्याशिवाय कळत नाही.”

श्रीरंग हसायचा थांबला. तात्याला धरलेला हात हळूहळू खाली आला.

“ठाऊक नव्हतं? आणि टिळा गेला असता तर... तर मी काय केलं असतं?”

बाईंनी ताम्हण उचललं. त्यातलं गढूळ पाणी दारातल्या जास्वंदीला घातलं.

“गेला असता,” त्या म्हणाल्या, “तर आज तरी रडला असतास.”